वळचणीचं लाकूड

आमच्याकडे जुनं घर कुणी पाडत नाही, उतरवतात. फोन येतो तोही तसाच. “दादा, घर उतरवतोय. लाकूड बघून जावा.” डोक्यावरचा भारा उतरवावा तसं घर उतरतं. आधी कौलं, मग रिपा, मग वासे, आढं, तुळया आणि शेवटी खांब. मागं मातीच्या भिंती उरतात, त्या जेसीबी तासाभरात सपाट करतो. पाडणं म्हणायचं तर तेवढंच.

एप्रिल-मे हा माझा हंगाम. पावसाच्या आत स्लॅब पडायला हवा असतो, त्यामुळे सगळ्यांची घाई एकदमच. भोर आणि वेल्हे या दोन्ही बाजूंनी बोलावणी येतात. वेल्हे तालुक्याला आता सरकारदरबारी राजगड म्हणतात, पण फोनवर अजून वेल्हंच. मी पिकअपवाल्याला सांगून ठेवतो आणि पुढं स्कूटरवर जातो. जवळ तीन वस्तू असतात : जुन्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक, एक बोथट पटाशी आणि पाण्याची बाटली. चुंबक लाकडावरून फिरवलं की आत मोडून राहिलेला खिळा कळतो. पटाशीनं कोपऱ्यावर थोडं खरवडायचं, त्यावर पाण्याचा हात फिरवायचा, मग लाकूड आपलं खरं नाव सांगतं.

सागवान म्हणून दाखवलेलं निम्मं लाकूड सागवान नसतं. खांब बहुधा ऐनाचे. वासे कधी किंजळाचे, कधी जांभळाचे. माळ्याच्या फळ्या आंब्याच्या किंवा फणसाच्या. आंब्याला भुंग्यानं पोखरलेलं असतं, बोटानं दाबलं तर पीठ पडतं, ते मी घेत नाही. फणस मला आवडतो, पण फणसाची मोठी फळी क्वचित मिळते. घरमालकाच्या डोक्यात मात्र सगळंच सागवान असतं आणि भाव घनफुटाचा असतो. चुंबक, पाणी, वास असं सगळं दाखवून मी समजावतो. तरी पटत नाही. शेवटी म्हातारं माणूस मध्ये पडतं, “अरं, ऐनच हाय तो. मी बगितलाय तोडताना.” मग सौदा होतो. उरलेलं जळणाच्या भावानं जातं. निघताना मी घर उतरवल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला मागून घेतो, कारण सागवान म्हटलं की वाटेत कुणीही विचारतं.

माझी शेड भाटघर धरणाच्या भिंतीपासून आत, वेळवंडी नदीच्या खोऱ्यात आहे. नदीचं म्हणायचं खरं, पण नदी आम्ही मे महिन्यातच बघतो. एरवी सगळं जलाशय. ही भिंत १९२७ साली पूर्ण झाली. त्याआधीचं एकोणिसाव्या शतकातलं लहान धरण तिच्याच पाण्यात गेलं. इंग्रजांनी तिला गव्हर्नर लॉइडचं नाव दिलं, आता जलाशय भुतोंड्याच्या येसाजी कंकांच्या नावानं ओळखला जातो. भरलं की २३.५ टीएमसी, आणि ते पाणी नीरेच्या दोन कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे निघून जातं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की कांबऱ्याचं कांबरेश्वराचं देऊळ वर येतं, शेतांचे बांध वर येतात, जोत्यांचे दगड वर येतात.

हे सांगायचं कारण तुळयांवरच्या खाचा. माझ्याकडे आलेल्या कित्येक तुळयांना रिकाम्या खाचा असतात. म्हणजे ज्या घरातून तुळई आली त्या घरात त्या खाचेत काहीच बसलेलं नव्हतं, ती खाच त्याआधीच्या कुठल्यातरी घराची. पहिल्यांदा मला वाटलं सुतार चुकला असेल. मग एका आजोबांनी सांगितलं, धरणाचं पाणी वर चढणार म्हटल्यावर खालच्या लोकांनी घरं उतरवली आणि बैलगाडीतून लाकूड वर आणून नवी उभी केली. जुन्या लाकडावर काम करतो म्हणून शहरात माझं कौतुक होतं तेव्हा मला त्या खाचा आठवतात. आमच्या खोऱ्यात जुनंच लाकूड वापरायचं असतं. नवं कुणाला परवडत होतं?

आम्ही सुतार. आण्णा, म्हणजे माझे वडील, नांगर, पाभर, कुळव, गाडीची चाकं करायचे आणि बलुतं घ्यायचे. घरंही बांधायचे. ट्रॅक्टर आले, लोखंडी अवजारं आली, आणि मी पुण्याला फर्निचरच्या कामाला गेलो. बारा वर्षं प्लायवूड कापलं, सनमायका चिकटवला, कडेला पट्टी मारली. प्लायवूडला रेषा नसतात, म्हणजे असतात पण छापलेल्या. बारा वर्षांत लाकडाचा वास आला नाही, फेविकॉलचा आला. मग एका ठेकेदारानं चार महिन्यांचे पैसे बुडवले आणि मी गावी परतलो. त्यात काही मोठा निर्णय वगैरे नव्हता. भाडं थकलं होतं.

आमच्याच स्वयंपाकघराचं छप्पर तेव्हा खचलं होतं. ते उतरवलं आणि चुलीवरची तुळई पडवीत आणून ठेवली. साठ-सत्तर वर्षांच्या धुरानं ती अशी काळी झाली होती की डांबर फासल्यासारखी चकाकत होती. पावसाचे दिवस, काम काही नाही. मी खिळ्यानं तिच्यावर उगाच रेघ ओढली. काळ्यातून मधाच्या रंगाची रेघ वर आली. समोर तारेवर कोतवाल बसला होता, भिजलेला, शेपटीची दोन टोकं खाली लोंबलेली. पक्षीही काळा, लाकूडही काळं. मी फक्त त्याची कड ओढली, आत काहीच केलं नाही, आणि तो बसला. आई म्हणाली, “भांडखोर दिसतोय.” कोतवाल असतोच भांडखोर, घारीच्या मागं लागतो. आईनं नाव न सांगता ओळखला, हे मला पुष्कळ झालं.

तेव्हापासून मी हेच करतो. काजळीवर रेघ. रंधा मारून लाकूड स्वच्छ करणारे, त्यावर मशीननं पक्षी जाळून उठवणारे पुष्कळ आहेत. लेझरचं काम सुबक असतं, नाही म्हणत नाही. पण लेझर जाळतो, आणि आधीच धुरानं काळ्या झालेल्या लाकडावर जाळून काय दिसणार? मला जी काजळी लागते ती त्यांना घाण वाटते. म्हणून आमचं भांडण नाही. वखारवाले काळी तुळई बाजूला टाकतात आणि मी उचलतो.

काजळीचं एक आहे, ती हाताला लागते आणि घाम लागला की पसरते. पहिल्या दोन-तीन वर्षांतली माझी कामं अशीच बिघडली. रेघ कापायची आणि हाताच्या रेट्यानं काजळी रेघेत भरायची. आता आधी मऊ ब्रशनं जळमटं झाडतो, ओल्या फडक्यानं एकदाच पुसतो, दोनदा नाही, आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचा अगदी पातळ हात देतो. तो वाळला की काजळी जागेवर बसते. मग कोरायचं. शेवटी मेण. जवसाचं तेल मी सोडून दिलं. त्यानं रेघ लगेच गडद होते आणि काळ्या-पिवळ्याचा फरकच मरतो.

तसा तो फरक मरतोच, उशिरा का होईना. सागवानाची ताजी कापलेली जागा उजळ असते, उजेड लागला की ती वर्षा-दोन वर्षांत तपकिरी होत जाते. एका बाईंनी फोन करून सांगितलं, “तुमचा पक्षी अंधारात चाललाय.” त्यांना तक्रार करायची होती, पण वाक्य मला आवडलं. मी त्यांना म्हटलं, उन्हाच्या भिंतीवरून काढून आतल्या भिंतीला लावा. पैसे परत देतो असंही म्हटलं. त्यांनी घेतले नाहीत.

हत्यारांचं सांगतो. बारीक रेघेसाठी लागणारी पटाशी दुकानात मिळते, पण ती पिसाच्या मानानं जाडच पडते. छत्रीची काडी बघितली असेल, पन्हळीसारखी असते. मोडक्या छत्रीची काडी कापून, तोंड घासून, लाकडी मुठीत बसवली की तिच्याइतकी नाजूक रेघ कशानंच येत नाही. भोरच्या पावसात छत्र्या मोडायला वेळ लागत नाही. धार मात्र फार वेळ टिकत नाही, कारण सागवानात वाळूसारखा कणीदार अंश असतो, तो पोलाद खातो. दर पाव तासाला दगडावर फिरवावी लागते. मोठ्या पटाश्या आण्णांच्याच आहेत, त्यांच्या दांड्यांना त्यांच्या अंगठ्याचा खळगा आहे. माझा अंगठा त्यात बसत नाही. आण्णा डावरे होते.

पक्षी मला येत होते असं मी समजत होतो. खेड्यात वाढलो म्हणजे पक्षी येणारच. तो माज एका टिटवीनं उतरवला. एका हॉटेलवाल्यानं टिटवी मागितली. मी छान लांब पाय केले, डोळ्यापुढची लोळी केली, छातीवरचा काळा पट्टा केला, आणि तिला बाभळीच्या फांदीवर बसवली. शेडच्या बाहेर ती वाळत ठेवली होती. म्हशी घेऊन जाणारे एक काका थांबले, बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “टिटवी झाडावर कवा बसली रं?”

खरंच की. टिटवी जमिनीवर राहते, जमिनीवरच खड्यांमध्ये अंडी घालते. ती किती उंचावर घातली यावरून पाऊस किती होणार हे आमच्याकडचा प्रत्येक माणूस सांगतो. आभाळ पडलं तर झेलायला ती पाय वर करून झोपते हेही मी लहानपणापासून ऐकत आलो. टिटवीबद्दल मला सगळं माहीत होतं, फक्त ती बसते कुठं ते मी बघितलं नव्हतं. काका पुढं म्हणाले, “आणि मागचं बोट केवढं केलंस. त्याच्याच जिवावर बसवलीस व्हय तिला फांदीवर?” टिटवीचं मागचं बोट नावापुरतं असतं, फांदी धरायला ते पुरणारच नाही. मी ती तुळई तशीच ठेवली आहे, शेडच्या दारावर. गिऱ्हाईक विचारतं तेव्हा विकायची नाही म्हणून सांगतो.

मग मी बघायला लागलो. एका शिक्षकांनी मारुती चितमपल्लींचा ‘पक्षीकोश’ वाचायला दिला. एकेका पक्ष्याची जागोजागची नावं त्यात सापडली, आणि आमच्याकडे ज्याला सगळे नुसतं ‘पाण्याचं पाखरू’ म्हणतात त्यांत किती जण आहेत तेही कळलं. जुनी दुर्बीण घेतली. हिवाळ्यात पहाटे जलाशयाच्या काठी जाऊन बसायचं. चक्रवाक येतात, जोडीनं, नारिंगी रंगाचे. नदीसुरय पाण्यावर फेऱ्या मारतात. पण माझं मन बसलं ते कवड्या खंड्यावर.

हा पक्षी जणू काजळीवरच्या रेघेसाठीच जन्माला आला आहे. अंगावर काळ्या-पांढऱ्याशिवाय रंग नाही. नराच्या छातीवर दोन काळे पट्टे, मादीला एकच, तोही मधे तुटलेला. साधा खंड्या तारेवर बसून मासा हेरतो. हा पाण्यावर हवेत एका जागी थांबतो. चोच सरळ खाली, मान गच्च, आणि पंख इतके वेगात की दिसतच नाहीत. मग दगड टाकावा तसा पडतो. मला तो थांबलेला हवा होता. डोकं जमलं, चोच जमली, पण पंख कोरले की तो थांबायचा नाही, नुसता लटकायचा. खुंटीला शर्ट अडकवावा तसा. एक हिवाळाभर मी पंखच कोरत होतो. एक एक पीस मोजून केलं, आणि जितकी पिसं जास्त तितका तो मेलेला.

शेवटी एका तुळईनं वाट दाखवली. तिच्यावर जुन्या सुतारानं वाकस चालवल्याचे घाव होते, जवळजवळ, तिरपे, पाण्यावरच्या लाटांसारखे. रंधा न मारता नुसता वाकसानं तासलेला माल तो. मी डोकं आणि अंग कोरलं, आणि पंखांच्या जागी त्या घावांच्या फक्त माथ्यांवरची काजळी खरवडली. पाच-सहा तुटक रेघा. खाली-वर बघताना पंख हलल्यासारखे वाटले. म्हणजे अर्धा पक्षी मी केला आणि अर्धा त्या कुणी अनोळखी माणसानं, ज्याला तुळई चौकोनी करायची होती एवढंच. ते काम मी पुण्यातल्या प्रदर्शनात नेलं. एक गृहस्थ म्हणाले, पंख अर्धवट राहिलेत. मी म्हटलं, हो.

प्रदर्शनात लोक मोर मागतात. मोर आणि राघू-मैना. त्यांचं चूक नाही, आपल्या लाकूडकामात पक्षी म्हटला की तोच होता. पेशवाईच्या वाड्यांत बघा, सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, वर केळफूल, वेलबुट्टी, आणि जिथं पाखरू आलं तिथं पोपट नाहीतर मोर. भोरचा राजवाडा १८६९ सालचा, आता शूटिंगवाल्यांचा आवडता. लहानपणी आण्णांबरोबर गेलो की मी मान वर करून खांब बघत फिरायचो. ते काम ज्यांनी केलं त्यांच्या हाताला माझा हात कधी लागणार नाही. पण एक गोष्ट मनात येते : त्या कारागिरांच्या डोक्यावर, त्याच खांबांवर, सातभाई कलकलत असतील, होले घुमत असतील, तुळयांत चिमण्या असतील. त्यांतलं एकही लाकडात आलं नाही. कुणी मागितलं नसेल. मला सातभाई करायला फार आवडतात, सात जण एकमेकांना खेटून बसलेले, एकाचं तोंड उलटीकडे. मातकट रंगाचा पक्षी, कुणी विकत घेत नाही. वर्षाला एखादा खपतो. तरी करतो.

सुतार पक्षी मात्र हातोहात जातो, कारण “सुतारानं सुतार केला” हा विनोद प्रत्येक गिऱ्हाइकाला आपण पहिल्यांदा केला असं वाटतं. मी दरवेळी हसतो. खरा भाऊबंद मी तांबटाला मानतो. नाव तांबट्याचं, टुकटुक आवाजही तांबं ठोकल्यासारखा, पण धंदा सुताराचा. वठलेल्या फांदीला स्वतः भोक पाडून राहतो.

एका शाळेनं हरोळी मागितली, राज्यपक्षी म्हणून. हिरवं अंग, पिवळे पाय. माझ्याकडे हिरवाही नाही, पिवळाही नाही. मग होला, पारवा आणि हरोळी यांत रंग वगळून उरतं काय? आठ दिवस मी एका उंबराखाली बसलो. हरोळ्या खाली जमिनीवर जवळपास येतच नाहीत. फळासाठी फांदीच्या टोकाशी जातात आणि वेळ पडली तर पोपटासारख्या उलट्या लोंबकळतात, एवढा जाडजूड पक्षी. होला असं करणार नाही. ती लोंबकळणारी केली. मुख्याध्यापक म्हणाले, राज्यपक्षी जरा सन्मानानं बसलेला हवा होता. मुलांनी मात्र लगेच तिचं बारसं करून टाकलं.

खिळ्याच्या भोकाबद्दल सांगायचं राहिलं. जुन्या लाकडात लोखंडाचा खिळा वर्षानुवर्षं राहिला की त्याच्याभोवती निळसर काळा डाग पडतो, ऐनात तर फारच, कारण ऐनात टॅनिन भरपूर. भोक आणि भोवती काळं वर्तुळ. कुणालाही सुचेल की हा डोळा. मलाही सुचलं, आणि पाच वर्षं मी दर पक्ष्याचा डोळा खिळ्याच्या भोकात बसवला. लोकांना ती युक्ती फार आवडायची. मग माझ्या लक्षात आलं की मी भोक बघून पक्षी ठरवतोय. भोक उजवीकडे असलं की पक्षी डावीकडे तोंड करणार, भोक मोठं असलं की पिंगळा होणार. ती सवय मोडायला वेळ लागला. आता भोक भोकच राहू देतो. त्यात कुणाचा तरी कंदील अडकलेला असेल.

आता एका आजींच्या घराचं सांगतो. फेब्रुवारीअखेरचे दिवस होते. मार्चमध्ये माझ्याकडे चिमण्यांची मागणी येते. २० मार्चला जागतिक चिमणी दिवस असतो. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीनं २०१० साली तो सुरू केला, आणि आता शाळा, बँका, सोसायट्या सगळ्यांना त्या आठवड्यात चिमणी हवी असते. पंधरा चिमण्यांचं काम अंगावर होतं आणि लाकूड कमी पडत होतं, तेवढ्यात फोन आला. पलीकडच्या वाडीतलं घर. आजी एकट्या राहतात, मुलगा पुण्यात, त्यानं स्लॅबचं घर बांधायला काढलं होतं.

घर उतरत होतं. मी पडवीच्या बाजूनं वासे बघत होतो. वळचणीला, भिंत आणि छप्पर यांच्यामधल्या फटीत, काड्या, कापूस, कोंबडीची पिसं, सुतळीचे तुकडे असं गच्च भरलेलं. वाशांवर पांढरे ओघळ. एका घरट्यात काही नव्हतं. दुसऱ्यात अंडी होती, तीन. कामावरच्या पोरांनी हात थांबवला आणि माझ्याकडे बघितलं, जणू पाखरं कोरतो म्हणजे मला उपाय ठाऊक असणार. मला काही ठाऊक नव्हतं. वासा काढला तर घरटं पडणार, ठेवावा तर छप्पर उतरणार नाही, आणि जेसीबी दुसऱ्या दिवशी ठरलेला. आजी म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या तो कोपरा.” मुलगा फोनवर चिडला. कोपरा एक दिवस राहिला. रात्री मांजरानं काम केलं.

मी ते लाकूड आणलं. खोटं कशाला सांगू, चांगलं लाकूड होतं, आणि मला पंधरा चिमण्या करायच्या होत्या. त्याच वाशांवर त्या केल्या. नर केला की काळा गळपट्टा द्यावा लागतो, तो काजळीतच सोडला की आपोआप होतो. मादी अवघड, तिला खूणच नाही. तिचं सगळं काम भुवईसारख्या एका फिक्या पट्टीवर. पंधरापैकी अकरा नर मागितलेले होते. ओळखू येतो म्हणून.

आजींच्या घरातली मधली तुळई घासताना तिच्या टोकाला, कुसाजवळ, पटाशीच्या खुणा दिसल्या. तीन उभ्या रेघा आणि एक फुली. सुतार जोडीच्या दोन लाकडांना अशी एकच खूण करतो, म्हणजे उभारताना कुठलं कुस कुठल्या खाचेत ते चुकत नाही. रेघा उजवीकडून डावीकडे कललेल्या होत्या, डावऱ्या हाताच्या. मी खांब शोधला, त्यावरही तीन रेघा आणि फुली. घर आण्णांनी बांधलं होतं. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. बलुत्यातल्या माणसानं कुणाकुणाची घरं बांधली याची यादी कोण ठेवतो? त्या टोकाला मी काही कोरलेलं नाही.

उरलेल्या तुकड्यातून मी आजींसाठी एक चिमणी केली, मादी, आणि नवं घर झाल्यावर घेऊन गेलो. गुळगुळीत भिंती, खिडक्यांना काळी सरकती काच, कुठं बोट शिरायला फट नाही. आजींनी चिमणी हातात घेतली, उलटी करून मागची बाजू बघितली, मग म्हणाल्या, “चांगली हाय. पर मला चित्र नगं बाबा. असली तर पेटी दे, भोकाची.”

मग पेटी केली. त्याच घराच्या माळ्याची फणसाची फळी, आत काजळीची बाजू, तोंडाला बत्तीस मिलिमीटरचं भोक, म्हणजे चिमणी जाते आणि साळुंकी जात नाही. छज्ज्याखाली, पावसाची झड लागणार नाही अशा जागी, मांजराच्या उडीच्या वर. भोक पाडताना मला हसू आलं. इतकी वर्षं लाकूड कोरतो, पण पक्ष्याच्या उपयोगाचं कोरकाम हे पहिलंच.

पहिल्या वर्षी पेटीकडे कुणी बघितलं नाही. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये आजींचा निरोप आला, चिमण्या आल्या. मी काम टाकून गेलो. पेटी रिकामीच होती. चिमण्या दारालगतच्या विजेच्या मीटरच्या पेटीत शिरत होत्या, पत्र्याचं झाकण वाकलं होतं त्या फटीतून. चोचीत काडी, वर बसून इकडं-तिकडं बघणं, आणि आत. रीडिंग घ्यायला येणाऱ्या पोराला आजींनी झाकण उघडू दिलं नाही. आकडा बाहेरूनच वाच म्हणाल्या.

“मग ही काढू का?” मी छज्ज्याखालच्या पेटीकडे हात करून विचारलं.

“ऱ्हाऊ दे,” आजी म्हणाल्या. मग स्टुलावर चढून त्यांनी पेटीचं वरचं झाकण उचललं आणि आतून मिश्रीची डबी काढली.